यंत्राचा श्वास आणि नेगेलेबाईंचा झाडू

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एका बाईंची गोष्ट सांगते. ऐकल्यावर देवाचं नाव घ्यावंसं वाटेल. मध्ये काही माणसांचा राग येईल, पण त्याला माझा इलाज नाही.

मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, जेवणाच्या ताटाएवढी. चौऱ्याहत्तर साली जर्मनीतल्या श्वाबेन भागातल्या एका गावात माझी गाणी ध्वनिमुद्रित झाली. माझे जन्मदाते म्हणजे ‘झिल्बरमोर’ हा चौघांचा बँड. जन्मदाते म्हणताना जीभ अडखळते. केस पाठीवर, अक्कल गुडघ्यात. गाणी अनंत अवकाशाची, आणि मोरीत आठवड्याची खरकटी भांडी.

वरच्या मजल्यावर ते भाड्याने राहत. जिन्यात आवाज घुमतो म्हणून तिथेच वाजवत. त्या घरात झाडलोटीची पाटी होती. ती ज्याच्या दारावर लागेल, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा. ध्वनिमुद्रणाच्या आठवड्यात पाटी बँडच्या दारावर होती. चौघांनी तिच्यावर कोट अडकवून ठेवला होता.

खाली क्रेसेन्त्सिया नेगेले ही विधवा बाई आपल्या लहान मुलीबरोबर, रोझविटाबरोबर राहत असे. शनिवारी दुपारी ती झाडू घेऊन जिन्यात आली.

“नेगेलेबाई, जरा थांबता का? टेप चालू आहे,” बँडचा म्होरक्या फोल्कहार्ट म्हणाला.

“तुमची टेप चालू आहे, माझा शनिवार चालू आहे. पाळी तुमची, झाडू माझा, आणि वर थांबायचंही मीच?”

“उद्या झाडा की.”

“रविवारी? देवाच्या दिवशी? तुम्ही वाजवा हो, मला त्रास नाही. तसंही तुमचं कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, काही कळत नाही.”

आणि पायरी पायरी झाडत ती वर आली. झाडताना मेरीमातेचं गाणं गुणगुणायची तिची सवयच होती. हातात काम आणि ओठांवर नाम, याहून मोठं कीर्तन मी तरी ऐकलेलं नाही. माझ्या शेवटच्या गाण्याखाली ती झाडूची सळसळ आणि ते गुणगुणणं कायमचं उमटलं.

पुन्हा वाजवायचा त्या आळशांना कंटाळा. फोल्कहार्टने माझं नाव ‘यंत्राचा श्वास’ ठेवलं आणि सांगत सुटला, “ही सळसळ म्हणजे मी स्वतः बनवलेल्या यंत्राचा श्वास.” मित्रांनो, या माणसाला सायकलची उतरलेली साखळी चढवता येत नसे.

मला कोणी विकत घेतलं नाही. बँड मोडला. जाताना त्यांनी एक प्रत नेगेलेबाईंना भेट दिली; तीच मी. बाईंकडे तबकडी वाजवायचं यंत्रच नव्हतं. कपाट डुगडुगत होतं, म्हणून त्यांनी मला त्याच्यामागे खोचलं. मला वाईट वाटलं नाही. निदान कपाट तरी स्थिर झालं.

वर्षं गेली. नेगेलेबाई देवाघरी गेल्या. घर आवरताना मी रोझविटाच्या हाती लागले. तिने सहज मला शेजारणीकडे लावलं, आणि शेवटच्या गाण्याला ती फरशीवरच बसली. आईचा आवाज तिच्याकडे दुसऱ्या कशातच उरला नव्हता.

एव्हाना विद्वानांना माझा शोध लागला होता. तो श्वास म्हणजे म्हणे आधुनिक माणसाचा एकाकीपणा. यांतले निम्मे आपल्याकडची माझी प्रत प्लॅस्टिकमधून बाहेरसुद्धा काढत नाहीत, नुसतं पाकीट हुंगतात. माझी नवी आवृत्ती निघणार होती, आणि टक्कल पडलेला फोल्कहार्ट शहरातल्या एका दुकानात भाषण देणार होता. रोझविटा मला काखेत मारून तिथे गेली. नव्या आवृत्तीवर आईचं नाव छापावं, एवढंच तिला मागायचं होतं.

“ते यंत्र पुढे आगीत गेलं,” फोल्कहार्ट सांगत होता.

“हे शेवटचं गाणं लावा,” रोझविटा म्हणाली.

दुकानदाराने लावलं. सळसळ, गुणगुणणं, मग एक बारीक खोकला.

“ही माझी आई,” ती म्हणाली.

“ताई, ते यंत्र आहे,” एक चष्मेवाला समजुतीने म्हणाला.

“हो का? यंत्राला सर्दी झाली होती वाटतं.”

लोक हसले. फोल्कहार्टने तिला बाजूला घेतलं.

“रोझविटा, लोकांना ते यंत्र आवडलंय. बाईचं नाव घातलं तर उरतं काय?”

“आई उरते,” ती म्हणाली, आणि मला उचलून घरी घेऊन आली.

नवी आवृत्ती निघाली. तिच्यावर चौघांची नावं आहेत, त्या कधीच नसलेल्या यंत्राचं चित्र आहे. बाईंचं नाव नाही.

मित्रांनो, प्रत्येक वाजवण्याला माझी रेघ थोडी झिजते. तरी रोझविटा मला वाजवते, आणि तेच बरोबर आहे. वस्तू जपायच्या त्या वापरण्यासाठी, हुंगण्यासाठी नव्हे. मी झिजून जाईन. झिल्बरमोरला खुशाल विसरा, माझी ना नाही. पण दुसऱ्याच्या पाळीचा जिना देवाचं गाणं म्हणत झाडणारी एक बाई होती, तिचं नाव क्रेसेन्त्सिया नेगेले, एवढं मात्र ध्यानात ठेवा.