लोसालिनच्या कमरेची चटई

जुनी आहे मी, मित्रांनो, पण मला बसायची चटई समजलात तर तुमची खैर नाही. माझ्यावर कुणी बसत नाही. मी माणसाच्या कमरेला असते. आमच्या टोंगाच्या बेटांवर मला ताओव्हाला म्हणतात. चर्चला, लग्नाला, मरणाला जाताना कमरेला चटई नसेल तर ते माणूस उघडंच. मग वर गळ्यापर्यंत झगा घाला नाही तर कोट घाला, चटई नाही म्हणजे अंगावर काही नाही.

लोसालिनच्या पणजीनं मला विणलं. केवड्याची लांब पानं तोडली, काटे काढले, उथळ समुद्रात दगडाखाली दाबून ठेवली, मग उन्हात पांढरी केली. दुपारभर बायका ओळीनं बसून विणायच्या आणि विणता विणता गावातल्या एकेकीची अब्रू उसवायच्या. माझ्या विणीत किती जणींच्या चहाड्या अडकल्यात ते मला ठाऊक. शाळा मी पाहिली नाही, पण बायकांचं बोलणं ऐकून जे शिकले ते शाळेत शिकवत नसावेत.

माझ्याहून जुनी एक चटई घरात होती. ती सांगायची, पूर्वी आपल्या बायकांचं वरचं अंग उघडं असायचं, कमरेला चटई असायची, आणि ती बाई झाकलेली. मग पाद्र्यांच्या बायका गळ्यापर्यंतचे झगे घेऊन आल्या, आणि तीच बाई एका रविवारात उघडी झाली. बाईचं अंग तेच होतं बरं का.

उमेदीच्या काळात मी खूप मिरवले. लग्नात बायका माझ्या काठावर बोट फिरवून म्हणायच्या, "काय बारीक वीण आहे, गं!" लहानगी लोसालिन चर्चच्या दालनात पहिल्यांदा एकटीनं नाचली तेव्हा मी समोरच होते, तिच्या आईच्या कमरेला. आमच्याकडे मुलगी नाचते ती खांदे उघडे टाकून, अंगाला खोबरेल चोपडून. फुसी आत्यानं, म्हणजे तिच्या बापाच्या थोरल्या बहिणीनं, स्वतःच्या हातानं तिला तेल लावलं होतं. "अजून लाव, चमकली पाहिजे पोर!" म्हणत होती. पुरुष उठून उठून तिच्या ओल्या खांद्यांवर नोटा चिकटवत होते. चर्चचं छप्पर गळत होतं ना, त्यासाठी. सगळे म्हणाले, किती घरंदाज मुलगी!

पुढे तिची आई गेली. मी विरले, फाटले, आणि आत्याच्या गादीखाली माझा मुक्काम पडला. आता मला फक्त मरणाला बाहेर काढतात. आमच्याकडे बाप मेला की त्याची लेकरं त्या दिवशी सगळ्यांत खालची. त्यांनी सर्वांत मोठी, सर्वांत फाटकी चटई गुंडाळायची आणि मागे चुलाणाशी राबायचं. मेलेल्याची बहीण मात्र सर्वांत वरची. ती त्याच्या उशाशी बसते, मऊ चटई लेवून, आणि ती म्हणेल तसं होतं. म्हणजे माझी भोकं हा माझा मान आहे. रफू करायला आलात तर हात झटकीन.

लोसालिन ऑकलंडला गेली आणि मोठी गायिका झाली. तिथल्या बक्षीस समारंभात तिनं एक झगा घातला. मागून कमरेपर्यंत पाठ उघडी, पुढून जाळी. आत्याच्या घरी टीव्हीवर ती दिसली मात्र, लोसालिनचा भाऊ मान खाली घालून अंगणात निघून गेला, बापानं उठून टीव्ही बंद केला, आणि आत्या कडाडली, "अगं बया! हिला कापड कमी पडलं की लाज?"

मग कोसीताचा लेख आला. कोसीता ही आत्याची मुलगी, ऑकलंडला विद्यापीठात बायकांच्या हक्कांविषयी शिकवते. तिनं लिहिलं की असा झगा म्हणजे मोकळीक नव्हे. गाणं बाईचं, पण विकतात तिचं अंग, कमाई कंपनीची, आणि ते पाहून घरोघरच्या पोरी आरशासमोर उपाशी राहतात. दुसऱ्या एका बाईनं उलट लिहिलं, तिचं अंग, तिची मर्जी, तुम्ही कोण? आत्याला लेखातलं अर्धंच समजलं, पण ती गावभर सांगत सुटली, "माझी शिकलेली लेकसुद्धा माझ्यासारखंच म्हणते." म्हणत नव्हती हो. आत्याला भीती देवाची, आणि शेजाऱ्यांची थोडी जास्त. कोसीताला राग कंपनीचा. उलट लिहिणारीचा हट्ट मर्जीचा. तिघींची तोंडं तीन दिशांना आणि मध्ये त्या पोरीची पाठ. गादीखाली पडल्या पडल्या मला या सगळ्याचा कंटाळा आला होता.

अशात लोसालिनचा बाप, सेमिसी, गेला. त्याला आत्याच्याच घरात ठेवलं.

दोघी आतेमामेबहिणी, लोसालिन आणि कोसीता, एकाच विमानानं आल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. लोसालिननं काळा झगा घातला होता, गळ्यापासून पायापर्यंत, हातसुद्धा झाकलेले. ती दारात गुडघ्यांवर बसली.

"आत्या, चटई दे."

"तुला कशाला चटई?" आत्या म्हणाली. "जगाला पाठ दाखवताना हवी होती का? बस अशीच."

"बाबांसाठी मागतेय."

"बाबांची आधी आठवण ठेवायची होतीस. त्याला टीव्ही बंद करावा लागला माझ्या घरात."

"लहानपणी तूच मला तेल चोपडलं होतंस, आत्या. खांदे उघडे टाकून नाचवलंस."

"ते देवाच्या छपरासाठी होतं!"

"बघणारे डोळे तेच होते."

आत्यानं तोंड फिरवलं. कोसीता खांबाशी उभी होती. लोसालिन तिच्याकडे वळली. "आणि तू गं? वर्तमानपत्रात एवढं लिहिलंस, एकदा फोन करून विचारायचं होतंस, हा झगा का घातलास म्हणून."

"मग का घातलास?" कोसीतानं विचारलं.

"आवडला मला. थोडी माझी आवड, थोडा कंपनीचा हट्ट. त्यातलं माझं किती आणि त्यांचं किती, ते माझं मलाच सांगता येत नाही. तुझ्या लेखात त्याला जागा होती का?"

लोसालिन तशीच, बिनचटईची, बापाच्या पायाशी जाऊन बसली. आत्याला वाटलं, बरी अद्दल घडली. मला मात्र गादीखालूनही पुढचं दिसत होतं. इतकी मरणं पाहिलीत मी.

दुसऱ्या गावची माणसं नजराण्याच्या चटया आणि झाडाच्या साली कुटून केलेली कापडं घेऊन, रडत रडत अंगणात शिरली. त्यांच्या पुढे त्यांची म्हातारी, व्हायोला. तिनं सेमिसीच्या कपाळाचं चुंबन घेतलं, मान वर केली आणि लोसालिनला पाहिलं. तिच्यामागच्या पुरुषांनी झटकन नजरा जमिनीला लावल्या. बाई उघडी दिसल्यावर लावतात तशा.

"फुसी," व्हायोला म्हणाली, "तुझ्या भावाची लेक बापापाशी नागडी का बसलीय? चटया संपल्या का तुमच्या घरातल्या?"

टीव्हीवरच्या झग्यानं जे झालं नव्हतं ते या काळ्या झग्यात झालं होतं, आणि करणारी आत्या होती. लोसालिननं दोन्ही हात कमरेवर घट्ट धरले होते. गाणारी बाई, एवढ्या गर्दीसमोर उभी राहणारी. पण तिला इतकं आक्रसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

कोसीता आतल्या खोलीत गेली, गादी उचलली आणि मला ओढून बाहेर आणलं.

"ठेव ती," आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "तूच लिहिलंस ना तिच्याविरुद्ध?"

"झग्याविरुद्ध लिहिलं, आई. तो मला आजही पटत नाही. पण मामाची मुलगी म्हणून तिची जागा काढून घ्या असं मी कुठे लिहिलं?"

तिनं मला लोसालिनसमोर धरलं. लोसालिननं हात लावला नाही.

"तुझ्याकडून नको. आत्या देईल तर घेईन. नाहीतर बाबांना अशीच पोचवीन."

आत्याकडे सगळे बघत होते. सर्वांत वरच्या जागेवर बसलेल्या बाईनं त्या दिवशी खालच्यांसाठी उठायचं नसतं. तिचे गुडघेही धड नाहीत. तरी ती उठली, भिंतीला धरून, कण्हत. कोसीताच्या हातून मला घेतलं आणि लोसालिनपुढे गुडघे टेकून मला तिच्या अंगाभोवती गुंडाळलं, छातीपासून पोटऱ्यांपर्यंत. काथ्याची दोरी ओढली.

"तो झगा मला मरेपर्यंत आवडणार नाही," ती पुटपुटली.

"माहितेय, आत्या."

"श्वास सोड. पोट आत घे. एवढ्याशा अंगाला केवढी चटई, जेवत नाहीस का गं तिकडे?"

तेव्हा लोसालिन रडली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. मग उठून मागे चुलाणाशी गेली आणि इतर खालच्या माणसांत बसून अळूचे कंद सोलू लागली. माझ्या फाटक्या कडा राखेत लोळत होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दफन झाल्यावर दोघी बहिणी पुन्हा भांडल्या, त्याच झग्यावरून, मोठमोठ्यानं, एकाच पानातलं खात. भांडू देत. कोण बरोबर ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी तुमच्या जन्माच्या आधीपासून ऐकत आलेय. आता दमले, मित्रांनो. एवढंच मागते. एखादीचा कपडा पटला नाही तर तिला तोंडावर सांगा, हवं तर भांडा, पण तिच्या माणसांतली तिची जागा त्या पायी हिरावू नका. ती जागा गेली की कुठलंही कापड पुरत नाही. आणि मला ओल्या जमिनीवर टाकू नका. घडी घालू नका, मोडेन. सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. फुसी आत्या म्हातारी झालीय. एक दिवस तिच्या मरणाला कोसीतालाही मी लागणारच आहे.