काळ्या दोऱ्याची शिवण

तिसऱ्या जॅकेटावर पारूबाईंचा हात थांबला.

होडीघराच्या दाराशी पोतं अंथरून त्या सकाळपासून लाइफ जॅकेटं तपासत बसल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत तलावावर बोटिंग सुरू व्हायचं. त्याआधी पट्टे, बकलं, शिवण सगळं डोळ्यांखालून घालायचं, हे त्यांचं काम. हे जॅकेट दिसायला धड होतं, पण कडेची शिवण काळ्या दोऱ्याची होती. बाकीची सगळी नारिंगी दोऱ्याची. त्यांनी अंगठा दाबला. तो भसकन आत गेला.

काळ्या दोऱ्याची आणखी बरीच निघाली. पारूबाईंनी ती वेगळी रचली आणि मान वळवून पाहिलं. खाली पायऱ्यांवर सयाजी होडीला डांबर फासत होता. तोंडानं काहीतरी गुणगुणत होता.

होडीघराची किल्ली दोघांकडेच असे. एक त्यांच्याकडे, एक सयाजीकडे.

पारूबाईंचे यजमान, गणपती कांबळे, याच तलावावर सयाजीबरोबर वल्हं मारायचे. छातीत कळ येऊन ते गेले, तेव्हा सयाजीनंच बोटिंगचे ठेकेदार विजयसिंहांकडे शब्द टाकून पारूबाईंना इथं कामाला लावलं होतं. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजण्यासारखं. पण मनात एकदा किडा शिरला की तो गप्प बसतो थोडाच! त्यांना श्रावणातली गोष्ट आठवली. सयाजी सायकलला भलं मोठं पोतं बांधून निघाला होता.

"कुठं चाललासा भावजी?"

"कोडोलीला, लेकीकडं. शेंगा हायत."

कोडोलीला शेंगा? तिथल्या शिवारात शेंगांना काय तोटा? तेव्हा हे सुचलं नव्हतं. आज सुचलं. चांगला माल काढून विकला, आणि आत चिंध्या भरल्या. दुसरं काय असणार?

"वैनी, च्या घेताय न्हवं?" सयाजीनं खालून हाक दिली.

"नगं. पित्त झालंय."

त्यानं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बाजूच्या ढिगाकडे. गुणगुणणं थांबलं.

तो चहाला गेला, तशी पारूबाईंनी एक जॅकेट उचललं, वाळूची पिशवी त्याला बांधली आणि शेवटच्या पायरीवरून पाण्यात सोडलं. आधी ते तरंगलं. त्यांना हायसं वाटलं. मग त्याची एक कड ओली झाली, खाली कलली, आणि नारिंगी रंग हळूहळू हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला.

"वैनी."

सयाजी मागेच उभा होता. हातात दोन कप.

"काय भरलासा ह्यात?" पारूबाईंचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"गादीचा फोम."

"आन् आतला कुणाला इकला?"

सयाजीनं कप पायरीवर ठेवले. "इकायला काय ऱ्हायलंतं? पावसाळ्यात उंदरांनी भुगा केलाता. मालकास्नी सांगितलं, तर म्हणाले, नवीन आणायचं न्हाय. सामान पुरं असंल तर बोटिंग, न्हायतर ह्या साली बंद. लेक मशिनीवर शिवती. तिच्याकडनं शिवून आणली."

"बघणाऱ्याला कळंना व्हय?"

"न्हाय कळत."

"आन् बुडणाऱ्याला?"

"माझ्या होडीतनं आजवर कोण बुडलंय काय वैनी?" सयाजीचा आवाज चढला. "नुसतं दाखवायला तर लागतंय! मला दुसरं काय येतंय? वल्हं सोडून ह्या हातानं काय केलंय मी?"

"एखादी लेकुरवाळी पडली तर?"

तो तरातरा पायऱ्या चढून वर गेला. ढिगातलं एक जॅकेट त्यानं ओढलं, अंगात चढवलं, बकल लावलं आणि सदऱ्यासकट पाण्यात उतरला. "बघा, तरंगतोय का न्हाय," म्हणत पाय वर घेतले.

क्षणभर तरंगला. मग फोमनं पाणी प्यायला सुरुवात केली. सयाजी पट्टीचा पोहणारा, पण छातीवर ओलं ओझं आणि वय साठीचं. दोन हात मारले, तिसरा उचलेना. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं.

पारूबाईंनी होडीघराच्या भिंतीवरची दोरी बांधलेली तरंगती रिंग काढून फेकली. पहिल्यांदा ती लांब पडली. ओढून दुसऱ्यांदा फेकली. बोटं रिंगेवर घट्ट बसलेली दिसली, तशा त्या पायरीवर टाच रोवून ओढत राहिल्या.

वर आल्यावर सयाजी बराच वेळ खोकत होता. पाणी थेंबाथेंबानं पायऱ्या उतरत होतं.

"चोर वाटलो न्हवं तुमास्नी?" त्यानं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पारूबाईंना ते जमलं नाही. "व्हय."

त्यानं मान हलवली. "मालकास्नी सांगा तुमी."

"मी न्हाय सांगणार. तुमीच सांगायचं."

ओल्या अंगानंच तो गेला. विजयसिंहांचा आवाज होडीघरापर्यंत ऐकू आला, सयाजीचा नाही. नवी जॅकेटं आणायला आपणच नको म्हटलं होतं, हे ते कबूल करणार नव्हतेच. संध्याकाळी सयाजीनं आपली किल्ली पारूबाईंच्या हातात दिली. "येतो वैनी," एवढंच म्हणाला.

दिवाळीत तलाव मोकळाच राहिला. नवं सामान आलं ते संक्रांतीच्या सुमारास, आणि सयाजीच्या होडीवर शिवाजी पेठेतला सूरज नावाचा तरणा गडी लागला.

पहिल्याच रविवारी सयाजी बायकोला घेऊन आला. तिकीट काढून, पाहुण्यासारखा रांगेत उभा राहिला. पारूबाई जॅकेटं घेऊन पुढे झाल्या.

"हिला कधी बशिवलंच न्हवतं होडीत," तो म्हणाला. "येळच मिळाला न्हाय."

पारूबाईंनी आधी त्याच्या बायकोला जॅकेट घातलं, मग त्याला. तो लहान मुलासारखा हात वर करून उभा राहिला. होडी सुटली. सूरज जोरजोरात वल्हं मारू लागला. मधल्या फळीवर सयाजी बायकोशेजारी नीट अंग चोरून बसला होता. दोन्ही तळवे गुडघ्यांवर होते, आणि प्रत्येक वल्ह्याबरोबर बोटं मिटत होती, उघडत होती.