पाठीवरचा डोळा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. पूर्वी कुणी मला ‘नुसता आरसा’ म्हटलं की मला भारी राग यायचा, कारण माझ्या पाठीला एक डोळा आहे. गाडीत चालवणाऱ्याच्या डोक्यावर, पुढच्या काचेशी जो लांबट आरसा असतो ना, तिथे माझी जागा. चेहऱ्याने मी मागचं दाखवतो आणि पाठीवरच्या डोळ्याने पुढचा रस्ता बघतो. गाडीच्या मागच्या काचेला माझा धाकटा डोळा चिकटवलेला आहे. छताच्या आतून गेलेल्या वायरने आम्ही जोडलेले आहोत. आम्ही दोघं जे बघायचो, ते मी नखाएवढ्या कार्डावर जपून ठेवायचो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझा डोळा मऊ कापडाने पुसला, त्यावर पातळ कागद चिकटवला आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते एकदम पनवेलला, ताहेरभाईंच्या दुकानात. सीटची नि स्टिअरिंगची कव्हरं आणि उग्र वासाच्या अत्तराच्या बाटल्या यांच्यामध्ये मी आठ महिने पडून होतो. गिऱ्हाइकं मला हातात घ्यायची, “गाडीला आरसा तर आहेच की,” म्हणायची आणि परत ठेवायची. तुम्हीच सांगा, राग येणार नाही तर काय?

मग २०१७च्या जून महिन्यात किशोरी आली. पनवेलच्या कोळीवाड्यातली ही बाई. नवरा परेश बंदरात कामाला, सासू मैना मासळी बाजारात बसायची. किशोरीने शाळेच्या मुलांची ने-आण करायला एक जुनी पांढरी व्हॅन घेतली होती. वाड्यात तोवर कुठल्या बाईने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ती दुकानात शिरली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “ताहेरभाई, बाई गाडी चालवते बोलल्यावर कुनीबी येऊन ठोकतो, आनि चूक माजीच म्हनतो. मना एक साक्षीदार पायजे.”

ताहेरभाईंनी मला उचललं. “मग हा घेऊन जा. हा झूट बोलत नाही. पण एक बात याद ठेव, किशोरी. ह्याचं कार्ड भरलं की हा सगळ्यात जुनं पुसून त्याच्यावर नवं लिहितो. गाडीला जोराचा धक्का बसला, तर तेवढाच तुकडा कुलपात ठेवतो. बाकीचं विसरतो.”

लगेच मला बसवायला घेतलं. गाडीच्या मूळ आरशावर मला ठेवून त्यांनी दोन रबरी पट्टे आवळले. तो बिचारा तेव्हापासून माझ्या मागे गप्प बसून आहे. प्लास्टिकची एक पातळ पट्टी घेऊन ताहेरभाईंनी वायर छताच्या कडेत अशी सरकवली, की शोधूनही सापडू नये. मुलांच्या गप्पा कशाला साठवायच्या, म्हणून आवाज बंद ठेवला. मागच्या डोळ्याची पाळी आली तेव्हा परेश कुरकुरला, “मागं काय बघायचंय?”

“मागनंच जास्त येतात,” किशोरी म्हणाली. बाईचं एकदा ठरलं की ठरलं.

माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी उलव्यातल्या नव्या इमारतींतून मुलं घ्यायची, पनवेलच्या शाळेत सोडायची, दुपारी परत पोचवायची. सगळीकडे खोदकाम, धूळ आणि ओळीने पळणारे डंपर. पहिला आठवडा माझे काय लाड झाले! मुलं माझ्या काचेत उजळणाऱ्या पडद्यावर स्वतःचा रस्ता बघायला एकमेकांच्या अंगावर चढायची. पण गाडी सुरू झाल्यावर मिनिटभराने माझा पडदा विझतो आणि मी साधा आरसा दिसू लागतो. महिन्याभरात सगळे मला विसरले. मी मात्र बघत राहिलो. जितकं नवं बघायचो, तितकं जुनं विसरायचो.

मग दसरा आला. मैनाआजीने व्हॅनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकांना आणि स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे गेली. “ह्योच गाडीचा डोला ना गो? मंग पयला मान ह्याचा!” असं म्हणून तिने काच आणि माझी पाठ यांच्या फटीतून हात घातला आणि ओलं हळदकुंकू अंगठ्याने थेट माझ्या डोळ्यात टेकवलं.

खरं सांगू? मी खूश झालो. इतक्या महिन्यांत कुणी मला मान दिला नव्हता. समोरचं सगळं लालपिवळं झालं, तरी मी मिरवत राहिलो. टिळा पाठीकडे असल्यामुळे किशोरीला तो दिसला नाही, आणि गाडी सुरू होताना पडदा मिनिटभर उजळायचा, तेव्हा तिकडे आता कुणी बघत नसे.

पुढचा गुरुवार. दुपारचे दोन वाजले होते. मुलांना उलव्यात सोडून किशोरी रिकामी गाडी घेऊन परत निघाली होती. डाव्या कडेने एक तरुण मोटरसायकलवर चालला होता. किशोरीने हॉर्न दिला, त्याने हात हलवून ‘जा पुढे’ म्हटलं आणि ती त्याच्या बाजूने नीट पुढे गेली. क्षणभराने मागून एक डंपर सुसाट आला आणि रस्त्याच्या डाव्या कडेला घुसला. त्या तरुणाला त्याने उडवलं, आमच्या डावीकडून पुढे निघाला आणि पसार झाला. किशोरीने हे सगळं माझ्याच काचेत बघितलं.

“आई गे, पारला पोराला!” तिने लगेच गाडी थांबवली. नंतर धावत आलेल्या दोन मजुरांच्या मदतीने तिने त्या तरुणाला आमच्या मागच्या सीटवर आडवं केलं आणि पनवेलच्या इस्पितळात पोचवलं. नाव-पत्ता लिहून दिला, सीट धुतली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी मुलांना घेऊन निघाली.

शुक्रवारी संध्याकाळी दारात एक माणूस उभा राहिला. जवळच्याच ‘कोन’ नावाच्या गावचे दाजी. जखमी झालेला अवधूत त्यांचा भाचा. तो अजून शुद्धीवर आला नव्हता.

“चार मानसांनी तितं पांढरी गाडी बघितली,” दाजी म्हणाले. “तुमी उडवला नाय, तं उचलला कशाला?”

“रस्त्यात पडला व्हता म्हनून उचलला.”

“असं कोन उचलतो का आजकाल? मी उद्या पोलिसात नाव देनार.”

ही कुजबुज शाळेतही पोचली होती आणि तासाभरापूर्वीच तिथून निरोप आला होता. प्रकरण मिटेपर्यंत सोमवारपासून गाडी आणू नये. म्हणजे किशोरीची गाडी, तिची मुलं, इतकी खटपट करून मिळवलेलं नाव, सगळंच पणाला लागलं होतं. पण ती डगमगली नाही. “माजा साक्षीदार हाय,” असं म्हणत तिने दाजींना व्हॅनपाशी नेलं, चावी फिरवली आणि माझं बटण दाबून गुरुवारी दुपारी दोनचं चित्रण उघडलं.

पडद्यावर नुसता लालपिवळा डाग. कडेला थोडं आकाश, थोडी धूळ.

“पुसलंव ना सगलं?” दाजी कडवटपणे म्हणाले आणि निघून गेले.

मैनाआजी उंबऱ्यावर बसली. “माज्या हातानं केलं गो मी. माज्याच हातानं.”

“तू त्याला मान दिलास, आये. रडू नको,” किशोरी म्हणाली. आणि मी? माझ्या धाकट्या डोळ्याने सगळं स्वच्छ बघितलं होतं! मागची काच किशोरी रोज स्वतः पुसायची. पण मागचं चित्र माझ्यात वेगळ्या कप्प्यात असतं, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला तोंड नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट फक्त मला माहीत होती. गाडीला धक्का बसलाच नव्हता, म्हणून तो तुकडा मी कुलपात ठेवला नव्हता. तिने त्या पोराला खरोखर ठोकलं असतं, तर पुरावा माझ्याकडे कायमचा राहिला असता. ती निर्दोष होती, म्हणूनच तो पुसला जाणार होता! शुक्रवारच्या दोन्ही फेऱ्यांनी कार्ड भरलं होतं. गुरुवार सकाळ मी पुसून टाकली होती. गाडी आता रस्त्यावर निघाली, की पुढचा घास गुरुवार दुपारचा.

किशोरी चालकाच्या जागेवर बसली. “ताहेरभाईकडं जाते,” म्हणत तिने पुन्हा चावीला हात घातला. मी ओरडू शकत असतो, तर अख्खा कोळीवाडा गोळा झाला असता.

तिचा हात चावीवरच थांबला. माझ्याकडे एकटक बघत ती पुटपुटली, “जुनं पुसून नवं लिवतो...”

तिने चावी काढून घेतली. माझी वायर उपटली, रबरी पट्टे सोडवले, मला टॉवेलात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसली. गाडीत बसवल्यापासून मी पहिल्यांदाच गाडीबाहेर पडत होतो.

दुकानात ताहेरभाईंनी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. लाल डाग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग हसले. “अगं, दोन डोळे बसवले होते ना आपण? तूच हट्ट केला होतास.” त्यांनी दुसरा कप्पा उघडला. मागे पडत चाललेला अवधूत दिसला, धडधाकट, हात हलवणारा. मग डंपर दिसला. मग जे झालं ते दिसलं. किशोरी तिथल्या स्टुलावर बसली आणि इतका वेळ रोखून धरलेलं रडू तिने मोकळं केलं.

शनिवारी पोलीस ठाण्यात फौजदार वसुंधरा मॅडमनी तो तुकडा तीन वेळा बघितला. शेजारी दाजी उभे होते. “ह्या बाईंनी तुमच्या भाच्याचा जीव वाचवला आहे,” मॅडम म्हणाल्या. “तक्रार कुणाविरुद्ध लिहू?”

दाजींची मान खाली गेली. “चुकलो, बाय. डोकं ठिकानावर नव्हतं माजं.” मग त्यांनी विचारलं, “डंपरचा नंबर?”

धाकट्या डोळ्याला डंपरची पुढची पाटी दिसली होती, पण ती चिखलाने भरलेली होती. मागची पाटी माझ्या पाठीवरच्या डोळ्यासमोरून गेली होती, चांगली चार-पाच सेकंद. तिथे होतं मैनाआजीचं हळदकुंकू. तो डंपर शेवटपर्यंत सापडला नाही. किशोरी सुटली, सोमवारी तिची मुलं तिला परत मिळाली, पण खरा गुन्हेगारही सुटला. मित्रांनो, डोळ्यातल्या त्या टिळ्याला मान समजून मी मिरवत बसलो होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

अवधूत बरा झाला. दोन-अडीच महिन्यांनी काठी टेकत तो आभार मानायला आला आणि जाताना माझ्याकडे बघून त्याने हात हलवला, अगदी त्या दुपारसारखा. पुढच्या दसऱ्याला मैनाआजीने आधी पदराच्या टोकाने माझी पाठ पुसली. “दिसतंय ना रं नीट?” असं मला विचारलं आणि मग हळदकुंकू लावलं ते वरच्या काठाला, डोळ्यापासून चांगलं चार बोटं दूर.

आता २०१९ संपत आलं आहे. उन्हात तापून माझी बॅटरी फुगली, पडदा मेला, पाठीवरचा डोळा मिटला. कार्ड काढून घेतलं आहे. परेश रोज म्हणतो, रविवारी नवा आणू. गेल्या आठवड्यात किशोरी मैनाआजीला घेऊन उलव्याहून परतत होती. मागे एक स्कूटर घसरली आणि एक म्हातारा रस्त्यावर पडला. आजूबाजूच्या गाड्या त्याला वळसा घालून पुढे जात होत्या.

मैनाआजीने सुनेचा दंड धरला. “किशोरी, आरशाचा डोला बंद हाय गो. मागल्या टायमाला काय झालं ते ठाव हाय ना? आता कोन साक्ष देनार?”

किशोरीने ब्रेक आधीच दाबला होता. “माजं डोलं उघडं हायत ना, आये. चल, पाय धर त्याचं.”

त्या दोघी म्हाताऱ्याला उचलत होत्या आणि मी माझ्या जागेवरून बघत होतो. माझ्याजवळ ना कार्ड होतं, ना कुलूप. यातलं काहीच माझ्यात उरणार नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या गाडीत माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याची पाठ पुसत जा, त्याचं कार्ड बघत जा. त्याला मान द्यायचा तर असा द्या. आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, तर आपल्याजवळ साक्षीदार आहे की नाही, हे बघत बसू नका. किशोरीने बघितलं नाही. तिला तो म्हातारा दिसला, तो माझ्याच काचेत. तेवढं मी अजून दाखवू शकतो. आता मला खुशाल ‘नुसता आरसा’ म्हणा.