बर्फाच्या खणातले पाच दिवस

मी फ्लूच्या लशीची बाटली. रिकामी. बोटाच्या पेराएवढी काच आणि वर रबराचं बूच, एवढाच माझा पसारा. बोलायची वेळ होती तेव्हा मला तोंड नव्हतं. आता उशीर झालाय, तरी बोलते. मिठाची गुळणी धरून बसणाऱ्यांची या वस्तीत काही कमी नाही, त्यात माझी भर नको.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. फ्लूचा विषाणू मोठा बेरकी, दर वर्षी थोडं रूप पालटतो, म्हणून दर वर्षी लसही नवी करावी लागते. मी यंदाची. आमची जात नाजूक. ऊन सोसत नाही आणि बर्फ तर मुळीच नाही. दोन ते आठ अंश, एवढ्यातच आमचं सगळं सत्त्व. जास्त वेळ गरम राहिलो तर बिघडतो, आणि एकदा गोठलो की संपलंच. हे माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. पण इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत! ज्यानं कुणी ते छापलं, त्याला गीताबाई ठाऊक नसणार.

गीताबाई म्हणजे दीपाची आजी. नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला त्यांची वस्ती. मुलगा भीमराज आणि सून यशोधरा दोघंही सुप्याला कंपनीत कामाला, केडगावात खोली करून राहायचे. चार वर्षांची दीपा आजीपाशी. पोरगी भारी गोड, पण दम्याची. जरा वारं बदललं की छाती भात्यासारखी हलायची. नगरच्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजी, या पोरीला फ्लू झेपायचा नाही. पावसाळ्याआधी दर वर्षी लस द्यायचीच." गेल्या वर्षी पहिल्यांदाच म्हणून महिन्याच्या अंतरानं दोन दिल्या. यंदा एकच पुरणार होती. ती एक म्हणजे मी.

जूनच्या सुरुवातीला गीताबाई दीपाला घेऊन एसटीनं नगरला गेली. पण पोरीच्या अंगात ताप. डॉक्टर म्हणाले, ताप उतरू द्या, मग टोचू. पुन्हा एवढ्या लांब पोरीला नाचवायला नको, म्हणून गीताबाईनं मला औषधाच्या दुकानातून सोबतच घेतलं. गावातली सिस्टर टोचणार होती. दुकानदारानं गार पिशवीत घालून दिलं आणि "फ्रिजमध्ये ठेवा" एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तिनं मला एसटीत तीन तास मांडीवर धरलं, शेजारणीचा धक्का लागू दिला नाही.

घरी आल्याबरोबर तिनं सिस्टरला, म्हणजे रुपालीला, फोन लावला. रुपाली चांगली मुलगी. खोटं कशाला बोलू? पावसापाण्यात चिखल तुडवत घरोघर जाणारी, पोरांना पेपरमिंट देणारी. पण त्या दिवशी घाईत होती. म्हणाली, "आजी, एकदम गार ठेवा बरं का. लाईटीचा भरवसा नाही. गरम झाली की वाया जाईल. ताप उतरला की मी येते."

इतकंच बोलली. गोठू देऊ नका, हे तीन शब्द राहिले.

गीताबाईनं विचार केला. वस्तीवर लाईट आठ-आठ तास जाते, खालचा कप्पा लगेच कोमट होतो. वरच्या खणातला बर्फ मात्र तग धरतो. म्हणून तिनं मला वर ठेवलं, बर्फाच्या दोन भांड्यांच्या मधे, फडक्यात गुंडाळून. देवा, काय ती माया! फ्रिजचं दार कुणाला उघडू देईना. शेजारची राहीबाई बर्फ मागायला आली तर तिला म्हणाली, "न्हाई ग बाई, माझ्या दीपाचं औषध हाय त्यात."

पहिल्याच रात्री मी गोठले. पाच दिवस तशीच.

सहाव्या दिवशी रुपाली आली. गीताबाईनं तिच्यादेखत वरचा खण उघडला आणि मला दोन्ही हातांनी बाहेर काढलं. माझ्या अंगावर पांढरं दव, आत खडा. म्हातारीचा चेहरा नुसता फुलला होता. "बघा सिस्टर, कितींदा लाईट गेली, पन हिला गरम हू दिली न्हाई मी!"

रुपालीनं मला घेतलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. तिला कळलं. तिच्या तळव्यात होते मी, मला सांगू नका तिला कळलं नाही म्हणून. तिनं एकदा म्हातारीकडं पाहिलं, एकदा दीपाकडं. बोलायचं म्हणजे स्वतःचं फोनवरचं अर्धवट बोलणं कबूल करायचं आणि या बाईचा फुललेला चेहरा उतरवायचा. दोन्ही तिच्यानं झालं नाही. मला मुठीत धरून तिनं वितळवलं, सुईत ओढलं आणि दीपाच्या दंडात टोचलं.

"झालं गं बाळा," म्हणाली. कार्डावर तारीख लिहिली.

मी आतल्या आत ओरडत होते. पाणी टोचतेयस गं, नुसतं पाणी! पण बाटलीचं कोण ऐकतं? रुपाली मला परत नेणार होती, तर गीताबाईच म्हणाली, "र्‍हाऊ द्या. नगरच्या डॉक्टरला दाखवायला लागंल." तिला नाही म्हणायचा धीरही रुपालीला झाला नाही.

ऑगस्टात अंगणवाडीतली निम्मी पोरं फणफणली. दीपालाही ताप भरला, खोकला सुरू झाला. एरवी गीताबाईनं त्याच दिवशी नगर गाठलं असतं. यंदा मात्र ती निर्धास्त! भीमराजला फोनवर म्हणाली, "साधी सर्दी हाय रे. तिला लस दिलीय की." दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी पोरीचे ओठ निळे पडले, तेव्हा मिळेल त्या टेम्पोत घालून नगरला नेली. तपासणीत फ्लू निघाला. डॉक्टरांनी लशीचं विचारलं, गीताबाईनं पदराच्या गाठीतून मला काढून दाखवलं. त्यांनी लेबल वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, लस घेऊनही कधीकधी होतो.

होतो, खरं आहे. मी धड असते तरी शंभर टक्के हमी माझी नव्हती. पण झगडले तर असते! आणि लस नाही हे ठाऊक असतं, तर ते दोन दिवस तरी वाचले असते. दीपा चौथ्या दिवशी पहाटे गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, दीपासाठी वंदना म्हणायला, सारी वस्ती जमली. भीमराजनं मला सगळ्यांसमोर धरलं. "ही बघा लस! काय उपेग झाला हिचा?" मी हातोहात फिरले. कुणी मला थुंकल्यासारखं खाली ठेवलं. तेव्हापासून वस्तीत कुणी लेकराला सुई लावून घेत नाही. फ्लूचीच नव्हे, गोवराचीसुद्धा नाही. गीताबाई मला कोनाड्यात ठेवते आणि येईल त्या बाईला दाखवते. माझ्याविरुद्धची साक्षीदार मीच!

आज रुपाली शेजारच्या अंगणात आली होती, राहीबाईच्या नातवासाठी; कोनाड्यातून मला सगळं दिसत होतं. ज्ञानेश्वर त्याचं नाव, सव्वा वर्षाचा, गोवराचा डोस चुकलेला. राहीबाईनं त्याला कडेवर घट्ट धरलं. "न्हाई बाई. दीपाचं बघितलं आमी."

तेवढ्यात गीताबाई आपल्या दारात आली. डोळ्यांखाली काळं पडलेलं, आवाज पार बसलेला. "सिस्टर, एक विचारू का? रातध्याड तेच डोक्यात येतं. माझ्या हातनं काय चुकलं का वो?"

झालं. याच घटकेची मी वाट पाहत होते. बोल ग पोरी!

"नाही आजी," रुपाली म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही."

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. राहीबाई नातवाला घेऊन घरात गेली आणि तिनं कडी लावली. गीताबाईनं रुपालीचा हात धरून तिला आत आणलं, माझ्या कोनाड्याखाली बसवलं आणि म्हणाली, "तुमी लई केलं माझ्या दीपासाठी. चहा पिऊन जा."

सिस्टर आता बसलीय, कपात बघत. रुपाली, म्हातारी रडेल, तुझ्या नावानं बोटं मोडेल, भीमराज अंगावर धावून येईल. येऊ दे. तो चहा संपव, आधी हिला सांग आणि मग जाऊन राहीबाईची कडी वाजव.