लाल ठिपक्याची चौकशी

मित्रांनो, माझ्याविषयी मत बनवण्याआधी माझे माप घ्या. रुंदी साडेतीन फूट, उंची अडीच फूट, चौकट सागवानी, आणि कापड ताणून बसवण्यासाठी ठोकलेले अर्ध्या इंचाचे छत्तीस खिळे. एवढ्या गोष्टी कोणालाही मोजून पडताळता येतात, म्हणून त्या आधी सांगितल्या. मी तैलरंगात काढलेले चित्र आहे आणि दिग्रसच्या एका जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्या, कारखान्याच्या कचेरीत, व्यवस्थापकांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर बावीस वर्षे टांगलेले आहे. या काळात माझ्याकडे नजर टाकणारे पुष्कळ झाले. पण त्यांतील बहुतेकांनी मला पाहिले नाही, असा माझा जुना संशय आहे.

मला डोमाजी पेंटरांनी घडवले. दुकानांच्या पाट्या, ट्रकांचे क्रमांक आणि जयंतीच्या कमानी रंगवणे हा त्यांचा व्यवसाय होता. कारखान्याच्या अंगणात ‘बिडी-सिगारेट ओढण्यास सक्त मनाई’ ही पाटी लिहायला ते आले आणि पाटी संपल्यावरही आठ दिवस दुपारच्या सुट्टीत येत राहिले. रुईच्या गाठी ज्या कापडात बांधतात, त्याचा उरलेला तुकडा त्यांनी मागून घेतला, चौकटीवर ताणला, सरस आणि खडूच्या भुकटीचे तीन हात दिले आणि त्यावर मला रंगवले.

माझ्यात कापसाची मोठी गंजी, म्हणजे ढीग, आहे. गंजीवर, कमरेपर्यंत कापसात बुडालेली एक व्यक्ती आहे. तिच्या अंगात खाकी शर्ट आहे, डोक्याला रुमाल आहे आणि चेहरा पलीकडे वळलेला आहे. तिचा उजवा हात वर उचललेला असून दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी लाल आहे. मागे, अंगठ्याएवढ्या उंचीच्या, आणखी चार आकृती आहेत.

ती व्यक्ती म्हणजे लालीबाई. गेटवरचे चौकीदार बाबूसिंग यांची पत्नी. कापूस यंत्रात जाण्याआधी त्यातील कचरा वेचण्याचे काम बायका करतात, आणि अंगावर धूळ बसू नये म्हणून नवऱ्याचा जुना शर्ट वरून चढवतात. लालीबाईंच्या चिमटीत नायलॉनचा लाल दोरा आहे. असा एक दोरा रुईत गेला, तर त्याचे तुकडे पुढे सुतात आणि कापडात उतरतात आणि सगळा माल नाकारला जातो. हे सारे मला पहिल्यापासून ठाऊक होते. परंतु चित्राला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

टांगले त्या दिवशी माझे कौतुक झाले, पेढे वाटले गेले. नंतर माझ्या शेजारी घड्याळ आले, दिनदर्शिका आली. घड्याळावर फडके फिरत असे, माझ्यावर नाही. रुईची बारीक धूळ माझ्यावर थराथराने बसत गेली. दोऱ्याची केसाएवढी रेषा तिच्याखाली बुजली आणि वरची जाड गाठ तेवढी लाल ठिपका म्हणून उरली. लालीबाई सहा वर्षांपूर्वी वारल्या, डोमाजी तीन वर्षांपूर्वी. माझा अर्थ सांगू शकणारी दोन्ही माणसे गेली, आणि मग मला अर्थ चिकटवणारे आले.

गेल्या फाल्गुनात भरदुपारी अंगणातील एका गंजीला आग लागली. कोणाला इजा झाली नाही. मात्र गंजीचा निम्मा भाग जळला आणि आगीचे कारण सापडले नाही. कारण सापडले नाही की माणसे माणूस शोधू लागतात. व्यवस्थापक पुंडलिकराव स्वभावाने वाईट नव्हते, परंतु त्या दिवसापासून ते प्रत्येकाच्या खिशाकडे पाहू लागले. त्यांच्या मुलाने, रजतने, एके सकाळी सहज मोबाईलवर माझा फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि वडिलांपुढे धरला. खाकी बाही, दोन बोटे आणि लाल ठिपका. कारखान्यात खाकी शर्ट एकाचाच होता. बाबूसिंग गंजीवर बसून बिडी ओढत आहे, असे ठरायला चहाचा एक कप संपण्याएवढाही वेळ लागला नाही.

बाबूसिंगांनी दाराबाहेरूनच आपण बिडीला कधी शिवलो नाही, असे हात जोडून सांगितले. पुंडलिकराव म्हणाले की, बावीस वर्षांपूर्वीचे चित्र खोटे कशाला बोलेल. सोमवारी काम आणि गेटमागची खोली, दोन्ही सोडायचे, असे ठरले. बिडीने आग लावणारा चौकीदार, हे नाव एकदा पडले की तालुक्यातील कोणत्याही जिनिंगच्या गेटवर त्यांना उभे केले गेले नसते.

निर्णय पक्का दिसावा म्हणून डोमाजींची मुलगी दीपा हिला यवतमाळहून बोलावण्यात आले. ती शाळेत चित्रकला शिकवते. ‘माझ्या वडिलांनी सदर चित्रात चौकीदारास बिडी ओढताना दाखवले आहे’, एवढा मजकूर रजतने आधीच टाइप करून ठेवला होता. फक्त तिची सही हवी होती.

कचेरीची खिडकी उघडी होती आणि गेट दहा पावलांवर. त्यामुळे गेटवर बाबूसिंगांनी तिला अडवले, ते मला ऐकू आले.

“तुहा बाप माह्या ताटात जेवला, पोरी,” ते म्हणाले. “मंग माह्या हातात बिडी काहून देल्ली त्यानं? मोबाईलात पाह्यली मी. शर्ट माहाच हाये.”

दीपाने आधी चित्र पाहू द्या, असे सांगितले आणि ती आत आली. तिने कागद वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. मग खुर्ची बाजूला सरकवून माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्याही नजरेत संशय होता. पण तो माझ्याविषयी नव्हता, कागदाविषयी होता.

“काका, तुमाले काय दिसते तेवढंच सांगा,” ती पुंडलिकरावांना म्हणाली. “काय वाटते ते मंग सांगजा.”

“दिसाले काय? बाबूसिंग बिडी पिऊन राह्यला.”

“बिडी दिसते, का लाल ठिपका दिसते?”

“एकच झालं ना ते.”

“धूर कुठं हाये?”

यावर रजतने मध्येच सांगितले, “मॅडम, पेंटिंगमध्ये धूर दाखवत नसतात. ते सिम्बॉलिक असते.”

“म्हणजे जे नाही तेही तुमाले दिसून राह्यलं,” दीपा म्हणाली. “डोळे चांगले हायेत तुमचे.”

रजत मोबाईलमध्ये पाहू लागला. दीपाने शिपायाकडून मूठभर रुई आणि वाटीभर पाणी मागवले. रुईचा बोळा ओला करून घट्ट पिळला आणि ठिपक्याच्या खालच्या भागावरून, न घासता, अलगद टेकवत नेला. पहिला बोळा काळा झाला, दुसरा करडा. तिसऱ्या बोळ्याला डोमाजींची केसाएवढी लाल रेषा मोकळी झाली. ती चिमटीतून निघून सरळ कापसात उतरत होती. बिडीला असे शेपूट नसते.

पुंडलिकरावांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले आणि दोरा आहे हे मान्य केले. मला वाटले, आम्ही सुटलो. पण संशय एका खुंटीवरून निघाला की दुसरी शोधतो. ते म्हणाले, “दोरा तं दोरा. पण चौकीदाराचं काम गेटवर. मंग हा गंजीवर कायले चढला होता?”

दीपाच्या वडिलांनी घरी या चित्राबद्दल काही सांगितले नव्हते, आणि अंदाजाने बोलायला ती तयार नव्हती. म्हणून बाबूसिंगांना आत बोलावले. चपला बाहेर काढून ते उंबऱ्याशी थांबले. बावीस वर्षांत त्यांना या खोलीच्या आत येण्याचे काम पडले नव्हते. दीपाने त्यांना हाताला धरून माझ्यासमोर आणले.

ते पाहत राहिले. मीही त्यांना पाहत राहिले.

“हा मी नाही,” ते शेवटी म्हणाले. “हे लाली होय.”

रजतने विचारले की चेहरा दिसत नाही, शर्ट तुमचा, मग लालीबाई कशावरून.

“शर्ट माहाच. कोपरावर फाटला तवा तिनं घेतला. हे पाहा थिगळ. अन् रुमाल पाहा. साऱ्या बाया दोन्ही कान झाकून बांधत, धूळ जाते म्हणून. हिचा डावा कान उघडा हाये.” त्यांचे बोट माझ्यापासून चार इंचांवर थांबले. “दुपारी मी गेटवरून आवाज देत जाओ, भाकर खाले ये म्हणून. यंत्राच्या आवाजात ऐकू येत नसे. म्हणून एक कान उघडा ठेवे.”

मित्रांनो, माझ्यात गंजी आहे, दोरा आहे, लालीबाई आहेत, हे मला माहीत होते, आणि त्यामुळे मी स्वतःला पुरते ओळखते, असा मला गर्व होता. तो कान उघडा का आहे, चेहरा पलीकडे का वळला आहे, हे मला बावीस वर्षांत कळले नव्हते. लालीबाई गेटकडून येणारी हाक ऐकत होत्या. डोमाजींनी रंगवले होते ते हेच असावे. ‘असावे’ हा शब्द मी मुद्दाम वापरते.

बाबूसिंग दीपाकडे वळले. “तुह्या बापाले चार दिवस लय शिव्या देल्ल्या मी. आता कोणाले सांगू?”

दीपाने टाइप केलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिले: चित्रात कचरा वेचणारी एक स्त्री आहे, तिच्या हातात दोरा आहे, आग कशाने लागली, हे या चित्रात नाही. त्याखाली तिने सही केली.

पुंडलिकरावांनी ते दोनदा वाचले. आग कशाने लागली, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर तसाच होता आणि आजही आहे. तरी त्यांनी बाबूसिंगांना, सोमवारी नेहमीच्या वेळेवर या, असे सांगितले. माफी मागितली नाही. बाबूसिंग गेले. पुंडलिकराव मात्र माझ्यासमोरून हलेनात. स्वतःच बोळा ओला करून त्यांनी मागच्या चार आकृतींवर हलकेच टेकवला. चारही बायकाच निघाल्या, चौघींच्या अंगात कोणाचे ना कोणाचे शर्ट.

“ह्या कोण होत?” त्यांनी विचारले.

कचेरीत कोणालाही सांगता आले नाही. मग पुंडलिकराव रजतला म्हणाले, “बाबूसिंगले बोलाव. अन् त्याच्यासाठी खुर्ची आण.”

मित्रांनो, तुमच्या शाळेत, पंचायतीत, एखाद्या कचेरीत माझ्यासारखे एखादे चित्र धूळ खात असेल. त्याला फार पाणी लावू नका, घासू नका, उन्हात ठेवू नका. जवळ जा आणि काय आहे ते आधी मोजा. अर्थ नंतर लावा, आणि लावलेल्या अर्थावर थोडा संशय राहू द्या. चित्राच्या साक्षीवर कोणाला दोषी ठरवू नका, माझ्याही नाही. आणि चित्रातल्या माणसाला ओळखणारे कोणी अजून गावात असेल, तर त्याला आत बोलावून आधी बसायला द्या.