भीतीचा रकाना

लाँड्रीवाल्या बाईंच्या दुकानातून गिऱ्हाइकाचा कोट गेला, ही बातमी तासाभरात तीन गल्ल्यांत पोहोचली, आणि ती पोहोचवण्याचे काम खुद्द बाईंनीच केले होते. बाई पंचाहत्तरीला टेकल्या होत्या, पण पाठीला अजून बाक नव्हता. कपड्यांबरोबर या स्वतःलाही खळ घालत असाव्यात, असे गिऱ्हाइके आपसांत म्हणत. समोर म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

घडले ते थोडक्यात असे. मंगळवारी दुपारी मुलगा धुतलेले कपडे पोचवायला गेला होता आणि सून औषधांच्या दुकानात कामावर होती. बाई मागच्या खोलीत शर्टांना इस्त्री करत होत्या. वाफ कोंडू नये म्हणून गल्लीकडचे मागचे दार उघडे ठेवलेले होते. त्या दारातून एक उंच, हडकुळा माणूस आत आला. त्याने दांडीवरचा काळा लोकरी कोट हँगरसकट उतरवला आणि बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "घे आणि चालता हो." तो कोट घेऊन खरोखरच चालता झाला.

"मी काय घाबरते की काय?" पुढचे दोन तास बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. "म्हटलं, घे तो कोट आणि तोंड काळं कर. एका कोटासाठी मी कुणाच्या तोंडाला लागणार नाही."

दर वेळी सांगताना बाईंचा आवाज थोडा चढत गेला. चौथ्या खेपेला त्या माणसाने मान खाली घातली होती, आणि सातव्या खेपेला तो अक्षरशः धूम ठोकून पळाला होता.

संध्याकाळी तो माणूस पोलिसांना सापडलाही. बसच्या प्रतीक्षागृहात कोट अंगात घालून बसला होता. लाँड्रीच्या नंबराची चिठ्ठी कॉलरला तशीच टाचलेली होती. पोलिसांनी मुलाच्या हातात एक छापील इंग्रजी कागद दिला आणि उद्या अकरा वाजता आईला जबानीसाठी घेऊन या, असे सांगितले.

त्या कागदाने सगळा घोळ घातला.

घड्या घालायच्या लांब टेबलावर कागद पसरला होता. एका बाजूला मुलगा आणि सून, दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. मास्तर आले होते स्वतःची पँट न्यायला, पण इंग्रजी कागद दिसल्यावर पँट विसरून चष्मा पुसू लागले.

"चोरी लिहा की," बाई म्हणाल्या. "त्यात एवढं खलबत कसलं?"

"आई, इथे चोरी एकच नाहीये," मुलगा म्हणाला. "तीन आहेत."

"कोट एक आणि चोऱ्या तीन?"

"थेफ्ट, रॉबरी आणि बर्ग्लरी. एकावर खूण करायची."

"तीन काय घेऊन बसलात, डझनभर सांगतो," मास्तर उत्साहाने पुढे सरसावले. "दुकानात गिऱ्हाईक म्हणून येऊन वस्तू लांबवली तर शॉपलिफ्टिंग. गर्दीत खिसा साफ केला तर पिकपॉकेटिंग. रस्त्यात अडवून लुबाडलं तर मगिंग."

"आमच्याकडे यातलं काय झालं, तेवढं सांगा."

"तेच तर ठरवायचंय. हे बघा, नकळत किंवा मनाविरुद्ध वस्तू नेली की थेफ्ट. मारून किंवा माराची भीती घालून नेली की रॉबरी. आणि चोरीच्या इराद्यानं, परवानगी नसताना घरात किंवा दुकानात शिरला की बर्ग्लरी."

"दार उघडंच होतं."

"उघडं असलं तरी चालतं. इरादा पाहिजे."

"तो कुठे दिसतो? खिशात असतो?"

"खिशात असता, तर तुम्हीच त्याचा खिसा मारला असता, बाई." मास्तर स्वतःच्या विनोदावर खूश झाले, पण बाईंचा चेहरा पाहून लगेच खाकरले. "लोक सर्रास म्हणतात, माझं घर रॉब झालं. चूक! साफ चूक! स्टील होते, म्हणजे चोरली जाते, ती वस्तू. रॉब होतो, म्हणजे लुटला जातो, तो माणूस. म्हणजे स्टील झाला कोट, आणि रॉबरी असेल तर रॉब झालात तुम्ही."

"मी? मला कुणी बोट लावलेलं नाही."

बाई बोलल्या ठसक्यात, पण आतून गोंधळल्या होत्या. एरवी असल्या भेदांचे त्यांना वावडे नव्हते. लोक आणून टाकत तो नुसता डाग असे. तो शाईचा की गंजाचा, चहाचा की रक्ताचा, हे ओळखल्याशिवाय त्या कापडाला पाणीसुद्धा लावत नसत. चुकीचे औषध पडले की डाग जन्माचा पक्का होतो, हे त्यांनी सुनेला पहिल्याच आठवड्यात बजावले होते. मग इंग्रजीने चोरीचे असे वेगवेगळे डाग पाडले, तर त्यात नवल काय? नवल इतकेच, की हा डाग कशाचा हे त्यांना ओळखता येत नव्हते, आणि तो पडला तेव्हा समोर त्यांच्याशिवाय दुसरे कुणी नव्हते.

"रॉबरीच लिहायची," मुलगा म्हणाला. "मी तिथे विचारून आलोय. थेफ्ट असेल तर काही महिन्यांत सुटेल. रॉबरी झाली तर काही वर्षं आत. एकट्या बाईमाणसाच्या अंगावर चालून येतो म्हणजे काय? आई, तू फक्त एवढंच म्हण, मी घाबरले होते."

"मी घाबरले होते?"

"खोटं तर खोटं. म्हणायला काय जातंय?"

"साऱ्या गल्लीला सांगितलंय मी, घाबरले नाही म्हणून. आता पोलिसांपुढे शब्द फिरवू?"

"तसं असेल तर मात्र पंचाईत आहे," मास्तर चष्म्यावरून पाहत म्हणाले. "तुम्ही घाबरला नाहीत, आणि स्वतःच्या तोंडानं म्हणालात, घे. मग त्यानं चोरलं कुठे? तुम्हीच दिलात. आणि कोट तर तुमचा नव्हे, गिऱ्हाइकानं विश्वासानं ठेवलेला. विश्वासानं ठेवलेली वस्तू परस्पर दुसऱ्याला देऊन टाकली, तर त्यालाही शब्द आहे. एम्बेझलमेंट. आपली अफरातफर."

बाई उठल्या, मास्तरांची पँट कागदात गुंडाळली आणि त्यांच्या हातात कोंबली.

"या आता, मास्तर. जिना नीट चढा."

मास्तर गेले, मुलगा शटर ओढायला पुढे गेला, आणि सुनेने कपाटामागून एक पांढरा शर्ट काढून टेबलावर ठेवला. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा तपकिरी ठसा उमटलेला होता, टोकापासून टाचेपर्यंत.

"आई, हा कपाटामागे सापडला."

"कापडच हलकं होतं."

"तुमच्या हातून आजवर रुमालसुद्धा जळलेला नाही."

"तू माझ्यावर पाळत ठेवतेस का गं?"

"नाही. शर्ट भरून द्यावा लागेल, म्हणून विचारते." सुनेने शर्टाची घडी घातली, ठसा आत राहील अशी. "मला नका सांगू काही. पण उद्या ते विचारतील."

त्या रात्री बाई अंथरुणावर पडून मंगळवार पुन्हा पहिल्यापासून लावून पाहत होत्या. माणूस दारात उभा राहिला, तेव्हा हातातली इस्त्री शर्टावर पालथी पडली, ती उचलायची शुद्धही राहिली नव्हती. "घे आणि चालता हो" हे शब्द त्यांनी गल्लीला गर्जून सांगितले होते. प्रत्यक्षात ते कसेबसे ओठांबाहेर पडले होते. त्याला ऐकू तरी आले होते का? म्हणजे मुलगा जे खोटे बोलायला सांगत होता, तेच खरे होते. खरे सांगितले तर तो माणूस वर्षानुवर्षे आत जाणार. खोटे सांगितले तर तो सुटणार आणि अफरातफर बाईंच्या गळ्यात पडणार. खरे बोलणाऱ्याला एवढे कोडे पडावे, याचाच बाईंना राग आला. आणि या सगळ्यात त्या माणसाने काय केले होते? कोट उतरवून तो उभा होता. बाईंनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. तो नुसता उभा होता.

सकाळी अकराला तिघे ठाण्यात हजर झाले. जबानी घेणारा अधिकारी तरुण होता आणि दोन बोटांनी टंकत होता. पलीकडच्या बाकावर तो माणूस बसला होता. कोट पुराव्यासाठी काढून घेतला होता. अंगात फक्त एक पातळ सदरा, आणि कोपरे दोन्ही हातांनी धरलेले.

"बसा, आजी."

"बाई म्हणा."

"बसा, बाई. तो आत कसा शिरला?"

"दारातून. मागच्या."

"तिथून गिऱ्हाइकांना यायची मुभा आहे?"

"नाही."

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. "मग बर्ग्लरी बसते का बघू." त्याने बाकाकडे मान वळवली. "काय रे, आत कशाला शिरलास? कोटासाठी?"

"वाफ दिसली," तो माणूस म्हणाला. "बाहेर गारठा होता."

"म्हणजे उबेसाठी शिरलास, आणि कोट नंतर दिसला?"

तो माणूस खरेच विचारात पडला. "कोट दारातूनच दिसत होता. आधी काय मनात आलं, ते आता सांगता येत नाही."

अधिकाऱ्याने कपाळ चोळले. "याच्याच मनातलं याला माहीत नाही, तर मी काय टंकू? बरं, बाई, यानं तुम्हाला धमकावलं?"

"नाही."

"हातात काही होतं? काठी, सुरी?"

"हँगर होता."

"कोट अडकवलेला," मुलगा घाईने म्हणाला. "पण साहेब, हँगर उगारला तर लागतो."

"उगारला होता?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि तू गप्प बस."

अधिकाऱ्याने कागद चाळला. "हा सांगतोय, तुम्ही त्याला म्हणालात, घे आणि चालता हो. म्हणालात?"

"म्हणाले."

"राजीखुशीनं?"

मुलगा पुढे झुकून डोळ्यांनी खुणावत होता. सून खिडकीबाहेर पाहत होती. साऱ्या गल्लीला सांगितलेले उत्तर अगदी जिभेवर होते. ते उच्चारायला एक क्षणही लागला नसता.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी घाबरले होते."

मुलाने सुटकेचा श्वास सोडला. अधिकाऱ्याचे बोट 'रॉबरी'कडे वळले.

"हात थांबवा," बाई म्हणाल्या, आणि बोट खरोखर थांबले. "घाबरले मी. त्यानं घाबरवलं नाही."

"अहो बाई, दोन्ही एकच ना?"

"एकच कसं? हा आत आला, कोट काढला आणि उभा राहिला. बोलला नाही, माझ्या अंगावर आला नाही, हात उगारला नाही. मी एकटी होते, वयानं थकलेली आहे, माझे पाय कापायला लागले. घे म्हटलं ते तो जावा म्हणून म्हटलं, द्यायचा म्हणून नव्हे. माझ्या पायांचा गुन्हा त्याच्या नावावर कसा लिहिता?"

"पण भीती तर होतीच."

"होती ना. इतकी होती, की इस्त्रीखालचा शर्ट जळला. विचारा सुनेला."

सुनेने मान डोलावली. मुलगा आईकडे असा पाहत राहिला, की जणू ती परक्या भाषेत बोलत होती.

अधिकारी हतबुद्ध झाला. "भीती आहे, पण भीती घातलेली नाही. घे म्हटलंय, पण दिलेला नाही. शिरलाय, पण कशाला ते त्यालाच ठाऊक नाही." तो उठला आणि आतल्या खोलीत वरिष्ठांकडे गेला. बराच वेळ दारामागून दोन आवाज ऐकू येत होते. एक विचारत होता आणि दुसरा वैतागत होता. अखेर तो परतला.

"थेफ्ट," तो म्हणाला. "पुढचं कोर्ट बघेल. आणि थेफ्टला भीतीची गरज नसते, तेव्हा तुमची ती ओळ काढून टाकतो. तुम्हालाही बरं, उगाच कागदावर कशाला."

ओळ निघाली असती, तर ती या खोलीबाहेर कुणालाही कळली नसती.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "ती काढलीत, तर कोट मी हौसेनं दिला असा अर्थ होईल. आणि सगळं मराठीत वाचून दाखवा, मगच सही करेन."

त्याने वाचून दाखवले. "मी घाबरले होते" हे वाक्य त्याने घाईने उरकले. बाईंनी ते पुन्हा वाचायला लावले आणि सही केली. बाकावरच्या माणसाने वर पाहिले की नाही, हे त्यांनी पाहिले नाही. त्या आधीच उठून उभ्या राहिल्या होत्या.

पायऱ्या उतरताना मुलाला राहवेना. "आई, गल्लीत आता काय सांगायचं? काल तर तू..."

"सांग, आई घाबरली होती म्हणून."

"सगळ्यांना?"

"विचारतील त्यांना," बाई म्हणाल्या. "आणि कुणी विचारलं नाही, तर तोंड बंद ठेव."