मॅडमचाही प्रयोग फसला

आकडा पुन्हा खाली घसरला. ताईंनी मोजणी यंत्रातून आलेला कागद टेबलावर पालथा ठेवला. न बघितल्याने तो सुधारणार नव्हता, तरी ठेवला.

त्यांची उभी हयात या प्रयोगशाळेत एकाच घराण्याच्या सेवेत गेली होती. घराणं माणसांचं नव्हे, माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांचं. कोलेस्टेरॉलला ऑक्सिजन चिकटला की त्याची जी भावंडं तयार होतात, त्यांना पेशीत धरून ठेवणारी ही प्रथिनं. दोघांना एका नळीत आणायचं आणि पकड किती बसली ते मोजायचं, हे ताईंचं काम. कुणी विचारलं की त्या सांगत, "सोयरिकी जमवते." त्यावर नवरा म्हणे, सख्ख्या भाच्याचं तेवढं जमवून दाखव.

हल्ली मात्र एकही सोयरीक जमत नव्हती. प्रथिन ताजं बनवलं, मिश्रण बदललं, तरी आकडा तळालाच. कारण आपल्याला ठाऊक आहे असं ताईंना वाटत होतं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. काचेच्या नळ्यांचा जड रॅक एकदा हातून निसटला, तेव्हापासून त्यांनी हलक्या प्लॅस्टिकच्या नळ्या मागून घेतल्या होत्या. विचारल्यावर काच महाग पडते म्हणाल्या होत्या. आता थेंबच चुकत असणार. हातच गेला तर आपलं उरलं काय, या विचाराने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

काम सोडते म्हणून सांगायला गेल्या, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, आज मीच करून बघते. मॅडम वयाने लहान, हात अगदी स्थिर. शेजारी बसून ताईंनी ते थेंब पडताना बघितले. एकही चुकला नाही.

दुपारी कागद आला. मॅडमचाही आकडा तळालाच.

ताईंना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. दुसऱ्याचं फसल्यावर हसू येऊ नये, पण आलं.

मॅडमनी एक नळी उजेडात धरली आणि कपाळावर हात मारून घेतला. कोलेस्टेरॉलची ही भावंडं तेलकट, पाण्यात त्यांना करमत नाही. प्लॅस्टिक दिसलं की त्यालाच जाऊन चिकटतात.

"म्हणजे मुलगी घरात वाट बघतेय आणि मुलगा दारालाच चिकटून बसलाय," मॅडम म्हणाल्या. "काचेच्या नळ्या काढा. आता तुम्हीच करा."

संध्याकाळी आकडा पूर्वीसारखा वर गेला. ताईंनी कागद दोनदा वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"प्लॅस्टिकच्या नळ्या काच महाग म्हणून नव्हत्या मागितल्या, मॅडम," त्या म्हणाल्या. त्यांनी हात टेबलावर पुढे केला. तो थरथरत होता.

मॅडमनी आकड्याचा कागद त्या हाताखाली सरकवला.

"थेंब चुकलेला नाही तुमचा. रॅक तेवढा मी आणत जाईन."

दुसऱ्या दिवसापासून मॅडम सकाळी शीतखोलीतून रॅक आणून ठेवू लागल्या. त्या गेल्या की ताई कोपर टेबलाला टेकवत, हात थोडा शांत होऊ देत, आणि मग पहिला थेंब सोडत.